पहिल्या घोटाचा मान

विद्यापीठाला तात्यासाहेबांनी स्वतः होऊन बोलावलं होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं जे झालं त्याचं सगळं खापर लोक रत्नमालावर फोडतात आणि ते अर्धंच खरं आहे.

पाचोडच्या अलीकडं हिरडवाडीच्या शिवारात, जुन्या रस्त्याला लागून, तात्यासाहेबांच्या जमिनीत चार दगडी भिंती उभ्या आहेत. छप्पर कधीच गेलेलं. रस्त्याकडं तोंड केलेलं एकच दार, आणि मागच्या, ओढ्याकडच्या भिंतीत आरपार बसवलेली एक दगडी पन्हळ. गाव त्या जागेला पाणपोई म्हणतं. तात्यासाहेबांच्या पणजोबांनी वाटसरूंसाठी बांधली, असं त्यांच्या घरात सांगतात आणि सांगताना आवाज जरा चढवतात. दर आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरची मोठी सून आत उभी राहून तांब्याची घागर त्या पन्हळीत ओतते आणि भिंतीबाहेर एक बाई ओंजळीनं पहिला घोट पिते. ती बाई त्या साली ऊसतोडीवरून परतलेली पाहिजे, हा नियम. लांबून राबून आलेल्या मजुराची तहान भागवली की घरची विहीर आटत नाही, अशी समजूत. तिनं घोट घेतला की हलगी वाजते आणि मग सगळ्या गावाला गूळपाणी आणि जेवण.

हा पहिल्या घोटाचा मान कित्येक वर्षं कडूबाईचा होता. कडूबाई म्हणजे रत्नमालाची आई. वस्तीतली काही माणसं तिच्यावर नाराज होती. आपण बौद्ध झालो, जुने मानपान सोडले, मग ही बया अजून मालकाच्या भिंतीपाशी ओंजळ धरून का बसते, असं त्यांचं म्हणणं. कडूबाई त्यांना एका दमात गप्प करी. "बाबासायबांनी तळ्याचं पाणी प्यायला शिकवलं ना? मंग मी पाणीच पिते. अन् समद्या गावाच्या आधी पिते."



रत्नमालाचा जन्म गावातला नाही. साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या एका उसाच्या फडाशेजारी, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, ती जन्मली. वडील लवकर गेले. कडूबाईनं दुसऱ्या मजुरांच्या जोडीनं ऊसतोडीचा कोयता धरला आणि पोरीला वसतिगृहात ठेवून शिकवलं. आता रत्नमाला छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात पुरातत्त्व शिकवते. तिला मातीची भीती वाटत नाही आणि माणसांची तर मुळीच नाही. तिचे सहकारी चेष्टेनं म्हणतात की रत्नमालाबाई खड्ड्यात उतरल्या की निष्कर्ष आधी काढतात आणि टोपली मागून भरतात. ती म्हणते, टोपलीनं मला खोटं पाडावं की, मी कुठं नाही म्हणते? आजवर कुठल्या टोपलीची तेवढी हिंमत झाली नव्हती.

तात्यासाहेबांना हवी होती एक पाटी. पाणपोई किती जुनी ते विद्यापीठानं लिहून द्यायचं, आखितीला मोठ्या पाहुण्यांच्या हातून पाटी उघडायची, फोटो काढायचे, झालं. विभागानं रत्नमालाला पाठवलं, कारण गाव तिच्या ओळखीचं. तात्यासाहेब चारचौघांत तिला "मॅडम" म्हणत आणि घरी गेल्यावर "कडूची पोर". तिला दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्हीचं काही वाटत नव्हतं.

खोदाई सुरू झाली ती ऐन एप्रिलात. ऊसतोडीहून माघारी आलेल्या बायका कामाला मिळाल्या, त्यांत कडूबाईही होती. भिंतीच्या आत विद्यार्थी, बाहेर बायका. अशी वाटणी रत्नमालानं केली नव्हती. ती बायकांनीच करून घेतली. "आत मालकाचं हाय, तिथं आपलं काय काम?" असं म्हणून कडूबाईनं टोपली उचलली आणि ती ओढ्याकडच्या अंगाला जाऊन बसली. इतकी वर्षं घोट प्याली, पण त्या दारातून ती कधी आत गेली नव्हती. रत्नमालाच्या ते त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आलं आणि दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

आधी बाहेरच्या खड्ड्यानं तोंड उघडलं. पन्हळीखालची माती काढत गेल्यावर जुनी फरशी लागली. वरच्या जमिनीवरून ती पन्हळ घोट्याएवढी दिसायची, खालच्या फरशीवरून मोजली तर गुडघ्याएवढी भरली. म्हणजे त्या काळीही माणसाला खाली बसल्याशिवाय पिता येत नव्हतं. फरशीवर मोग्यांच्या, म्हणजे मातीच्या लहान मडक्यांच्या, खापऱ्या निघाल्या, टोपल्याच्या टोपल्या. पिऊन जागीच फोडून टाकलेले मोगे. त्याच्या पलीकडं तीन-तीन दगडांच्या चुली निघाल्या, आणि प्रत्येक चुलीमागं काळ्या मातीत बुजलेली भोकं, समोरासमोर दोन ओळींत.

विद्यार्थी म्हणाले, जनावरं बांधायचे खुंटे असतील.

"खुंटे नाहीत," रत्नमाला म्हणाली. "कोप्या आहेत. दोन्हीकडं बांबू रोवायचे, वर वाकवून एकात एक बांधायचे आणि पाचट किंवा कडबा टाकायचा. दाराशी चूल. मी अशाच घरात रांगले आहे, मला काय सांगता?"

कडूबाई बाजूला ऐकत होती. ती नुसती हसली आणि पदरानं तोंड पुसलं. लेक एवढ्या पोरांसमोर कोपीचं नाव ताठ मानेनं घेते, याचं तिला केवढं अप्रूप वाटलं असेल, ते तिचं तिलाच माहीत.

म्हणजे दरसाल कुठूनतरी माणसं येत होती, ज्वारीच्या काढणीला, कपाशीच्या वेचणीला. हंगामभर इथं भिंतीमागं राहत होती आणि काम संपलं की निघून जात होती. वाटसरू असे कोप्या बांधून महिनोन् महिने राहत नाहीत. रत्नमालाच्या मनात पाणपोई इथंच आटली. राहिलेला थेंबही आतल्या खड्ड्यानं संपवला. आत जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मोठाले रांजण निघाले आणि त्यांच्या तळाला पांढरट, चिवट थर. त्यांच्या शेजारी दांडीचं एक पितळी माप. घासून साफ केल्यावर त्यावर उर्दू मोहोर उमटली. जुनी दफ्तरं वाचता यावीत म्हणून रत्नमालानं शिकताना उर्दू गिरवली होती. तिनं माप उन्हात धरलं आणि वाचलं. आबकारी. म्हणजे दारूवरचा कर बघणारं खातं.

पाणी मापून द्यायला निजामाच्या सरकारनं कधी मोहोर उठवली नव्हती. ज्यांचा आंबवलेला रस नशेसाठी पितात ती शिंदीची झाडं ओढ्याकाठी अजून उभी आहेत. हातच्या कांकणाला आरसा कशाला? हा शिंदीखाना होता. गावातली प्रतिष्ठित माणसं दारातून आत येऊन बसत, पितळी मापानं मोजून घेत आणि पीत. बाहेरून आलेल्या मजुरांचा विटाळ व्हायचा, म्हणून त्यांची शिंदी भिंतीतल्या पन्हळीतून खाली सोडत. ते खाली बसून मोगा धरत. तो मोगाही कुणी परत घ्यायचं नाही.

आणि एकदा शिंदीखाना बंद पडला, तो पडला. माणसं विसरली, पन्हळ तेवढी राहिली. कुणीतरी तिच्यातून पाणी ओतलं आणि तिचं पुण्य झालं.

शोध लागल्याचा आनंद रत्नमालाला झाला, तो का लपवायचा? असं स्वच्छ, बोलकं उत्खनन नशिबानं मिळतं. पण त्या संध्याकाळी शहराकडं परतताना बसमध्ये तिला एकाएकी आईची ओंजळ दिसली.

दुसऱ्या दिवशी तिनं तात्यासाहेबांना सगळं सांगितलं. आडवळणं घेतली नाहीत. तात्यासाहेबांनी पितळी माप हातात फिरवून पाहिलं आणि खाली ठेवलं.

"मॅडम, तुमी डोंगर पोखरला अन् त्यातनं दारूची बाटली काढली," ते म्हणाले.

"शिंदी, तात्यासाहेब. दारू नाही."

"तेच ते! माझे पणजे माळकरी होते. गुत्ता चालवतील व्हय?"

"माळकरी असतीलही. गुत्ताही चालवला असेल. माणूस दोन्ही करू शकतो."

तात्यासाहेब काही मूर्ख नव्हते. माप खोटं नाही, हे त्यांना कळलं होतं. त्यांनी आवाज खाली आणला आणि मॅडमची पुन्हा कडूची पोर झाली. "हे बघ पोरी. आखिती चार दिवसांवर आली. पाहुण्यांना आवतन गेलंय. आखिती होऊ दे, मंग तुझ्या कागदात काय ल्ह्यायचं ते ल्ही. मी आडवा येणार नाय. अन् मला सोड, तुझ्या मायचा इचार कर. तिचा मान हाय त्यात. लेकीनंच मायचा मान शिंदीत बुडवला म्हणतील लोक."

नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं. रत्नमाला तरी म्हणाली, "पाटी उघडताना चार शब्द मला बोलायचे आहेत ना? मी खरं तेच बोलणार. आणि माझी आई त्या पन्हळीखाली बसायची नाही, हे मी बघते."

बोलताना तिला हे सोपं वाटलं होतं. विद्यापीठात ती याहून अवघड गोष्टी रोज करते.

आई चुलीपुढं भाकरी थापत होती. रत्नमालानं शेजारी बसून मोग्यापासून मापापर्यंत सगळं सांगितलं. कडूबाईचे हात थांबले नाहीत. भाकरी तव्यावर पडली, उलटली, फुगली. मग ती म्हणाली, "म्हंजी मी इतकी वर्सं दारूच्या मोरीला तोंड लावलं?"

"तुला काय माहीत होतं, माय? कुणालाच माहीत नव्हतं."

"आता समद्यांना करणार तू."

"करावं लागेल."

कडूबाईनं तवा खाली उतरवला. तिचा आवाज चढला नाही, आणि चढला असता तर बरं झालं असतं. "साखरपट्ट्यातनं मी येते ना रत्ने, तवा हाताला भेगा अन् डोक्याला पाचटाचा कचरा. सा महिने तिकडं कुनी नाव घेऊन हाक मारत नाय. ए कोयता म्हणत्यात. इथं आले की मालकाचा ट्रॅक्टर येतो मला न्यायला. हलगी थांबती माझ्यासाठी. समदं गाव उपाशी बसतं, मी घोट घेईस्तोवर. तेवढा एक घोट व्हता माझा. तो बी तू खणून काढला."

रत्नमालाला रडू आलं. तिनं ते गिळलं नाही. रडत रडतच ती म्हणाली, "माय, तू त्याला तळ्याचं पाणी म्हणतेस. तळ्यावर बाबासाहेब स्वतः पायऱ्या उतरून गेले. स्वतःच्या हातानं पाणी घेतलं आणि प्याले. भिंतीआडून कुणी ओतलं नव्हतं त्यांना."

कडूबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं.  मग तिनं विचारलं, "मंग आखितीला मी जाऊ कुटं? घरात बसून हलगी ऐकू?"

 एवढी पुस्तकं वाचली, एवढी माती चाळली, पण आईनं त्या दिवशी कुठं जावं हे रत्नमालाला सांगता येईना. ती चुलीतली राख उकरत बसली आणि पहिल्यांदाच तिला वाटलं की हे खोदलं नसतं तर बरं झालं असतं.

आखितीचा दिवस उजाडला. मांडव पडला, खुर्च्या लागल्या, पाहुण्यांच्या गाड्या रस्त्यावर रांगेनं उभ्या राहिल्या. रत्नमालाचं भाषण डोक्यात तयार होतं. आई आली नाही तर बरंच, आणि आलीच तर ती पन्हळीकडं वळायच्या आत आपण माईक घ्यायचा, असं तिनं ठरवलं होतं.

कडूबाई आली. ट्रॅक्टर परत पाठवून चालत आली. निळं लुगडं, डोईवर पदर, दोन्ही हात रिकामे. हलगी थांबली. लोक दोन्हीकडं सरले आणि पन्हळीकडं जायची वाट मोकळी झाली. रत्नमाला मांडवातून उठली, माईककडं निघाली, आणि जागच्या जागी थबकली. आई पन्हळीकडं वळलीच नव्हती. भिंतीला वळसा घालून ती सरळ रस्त्याकडच्या दाराशी गेली होती.

दारात तात्यासाहेब, आत लक्ष्मीबाई. लक्ष्मीबाई म्हणजे तात्यासाहेबांच्या मंडळी, अंगानं जड, बोलायला कमी. जरीचं पातळ नेसून त्या भरलेल्या घागरीशेजारी उभ्या होत्या.

"कडूबाई, इकडं कुटं?" तात्यासाहेब म्हणाले. "मागल्या अंगाला जा. खाली पायऱ्या करून ठेवल्यात तुझ्यासाठी."

"पाह्यल्या म्या. लई चांगल्या झाल्यात," कडूबाई म्हणाली. "पर यंदा मी ओतणार हाय."

"काय?"

"ओतणार हाय. इतकी वर्सं समदा मान मी एकलीनं खाल्ला, मालक. आता वैनींचा नंबर. वैनी, तुमी प्या यंदा."

मांडवात कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. पाहुणे मनगटावरचं घड्याळ बघू लागले. तात्यासाहेबांचा चेहरा असा झाला की त्यांना ओरडायचंय पण कशावर ते सापडत नाहीये. मान मोठा आहे असं तेच तर सालोसाल सांगत आले होते! एवढा मोठा मान स्वतःच्या बायकोला कसा चालत नाही, हे चारचौघांत म्हणायचं कोणत्या तोंडानं? उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करायची ही जागाच नव्हती.

"अगं, तिचे गुडघे दुखत्यात," एवढंच ते म्हणाले.

"माझे बी दुखत्यात," कडूबाई म्हणाली.

तेव्हा लक्ष्मीबाई पुढं आल्या. नवऱ्याकडं न बघता त्यांनी घागर कडूबाईच्या पुढ्यात सरकवली आणि दारातून बाहेर पडल्या. रत्नमाला मांडवाच्या टोकाला उभी राहून पाहत होती, आता माईक घ्यायचं तिच्या ध्यानातही नव्हतं. भिंतीला धरून धरून लक्ष्मीबाई मागं आल्या, एका हातानं पातळ उचलून खड्ड्याच्या पायऱ्या उतरल्या. रत्नमालानं धावत जाऊन हात पुढं केला. तो त्यांनी घेतला आणि उतरल्यावर सोडला. मग त्या जुन्या फरशीवर, मोग्यांच्या खापऱ्या निघाल्या होत्या तिथंच, कण्हत खाली बसल्या. मान वाकवून ओंजळ पन्हळीखाली धरली. दुसरी कुठली रीतच नव्हती.

"ओत गं," त्या म्हणाल्या.

आत कडूबाईनं आयुष्यात पहिल्यांदा ती घागर उचलली आणि उसाची मोळी टाकावी तशा जोरात पन्हळीत कलती केली. पाण्याचा लोंढाच आला. ओंजळ कुठल्या कुठं गेली. लक्ष्मीबाईंचं तोंड, डोकं, जरीचा काठ, सगळं चिंब. पोरंटोरं खदखदून हसली. लक्ष्मीबाईंना ठसका लागला. डोळे पुसत त्या ओरडल्या, "अगं हळू! हळू ओत! नाकातोंडात गेलं की माझ्या!"

"मला दिसतंय व्हय वैनी?" आतून कडूबाईचा आवाज आला. "भितीपल्याड कोन बसलंय, किती वाकलंय, काय बी दिसंना हितून. मी ओतते आपली."

हसणं विरत गेलं. लक्ष्मीबाई ओल्या भिंतीकडं बघत बसल्या. हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. त्या बोलल्या तेव्हा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांनी ऐकला.

"लग्न होऊन आले तेव्हापासून मीही तशीच ओतत आले, कडूबाई. तुझ्याही नाकातोंडात गेलं असंल."

"जायचं की," आतून उत्तर आलं. "ठसका दाबून धरायची मी. हलगी वाजायची असायची ना."

रत्नमाला खड्ड्याच्या काठावर बसली. इतक्या वर्षांत आईनं हे तिला कधी सांगितलं नव्हतं. तिच्या भाषणात माप होतं, मोहोर होती, कोप्या होत्या, चुली होत्या. हे नव्हतं. आईविषयी तिला त्या घडीला जेवढं दुःख झालं, तेवढाच अभिमान वाटला, आणि दोन्ही एकदम छातीत मावेनात.

"घागरीत राह्यलंय थोडं," भिंतीआडून कडूबाई म्हणाली. आवाज खणखणीत होता, घरच्या बाईचा असतो तसा. "वैनी, या वर. दारातनं आत या. रत्ने, तू बी ये. हितं बसून पिऊ तिघी. सावली बी हाय."

लक्ष्मीबाई उठल्या, या वेळी रत्नमालाचा हात त्यांनी सोडला नाही. दोघी भिंतीला वळसा घालून पुढं आल्या. दारात तात्यासाहेब उभे होते. त्यांनी बायकोच्या ओल्या तोंडाकडं पाहिलं, तिच्या चिखलानं भरलेल्या काठाकडं पाहिलं, आत घागरीशेजारी मांडी घालून बसलेल्या कडूबाईकडं पाहिलं. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं.

"मालक," कडूबाई आतून म्हणाली, "वाट सोडा. बाया येत्यात."

तात्यासाहेब बाजूला झाले.